तळघरातला पेला

लिव्हर निकामी होत गेल्यापासून बाबांच्या डोक्यात धुकं उतरतं. आज सकाळी त्यांनी मलाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

गोड, दाट औषध पोटात गेलं की धुकं हळूहळू विरतं. पण ते ओठ घट्ट मिटून बसले होते. आजही औषध चुकलं असतं, तर त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं असतं.

माझ्या तान्ह्या लेकीला, सांदाला कडेवर घेऊन मी तळघरात उतरले. बाबांच्या आजारामुळे वाइनची पिंपं आम्हीच रिकामी केली होती, तरी द्राक्षांचा वास तिथंच झोपलेला. कोनाड्यातला पेला वर आणला. आमच्या गावात वाइनचा एकच पेला सगळ्यांत फिरतो. यजमान आधी पितो, मग पाहुण्याला भरून देतो. तो कुणी नाकारत नाही.

मी त्यात औषध ओतलं, घोटभर प्यायले, पेला पुन्हा भरून बाबांपुढे केला आणि परक्या यजमानीणबाईसारखी त्यांना नावानं म्हणाले, "घ्या, तुदोसेकाका."

बाबा ताठ बसले. त्यांनी पेला रिकामा केला.

"नवऱ्याला सांगा, वाइनमध्ये साखर घालून गावाला फसवू नकोस म्हणावं!"

"सांगते हं."

संध्याकाळी सांदा रडली, तेव्हा खाटेवरून बाबांनी मला नावानं हाक मारली, "इलिंका, पोरीला भूक लागलीय. आणि तो पेला जागेवर ठेव, नाहीतर तुझी आई ओरडेल."

आईला जाऊन वर्षं झाली. मी पेला जागेवर ठेवला.