गाडीचं दावं

माझ्या लेकानं, सिदूनं, गाडी इकायला काढली तवा मला बरं वाटायला पाहिजे व्हतं. त्या गाडीला मी जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या सासूलाबी घातल्या न्हाईत. पुण्याहून जुनी आणलेली, निळी, पोटावर पालथं पडल्यागत बसायची मोटारसायकल. मागं बाईमाणूस बसायचं म्हणलं तर चालवणाराच्या खांद्यावरच चढावं लागतं. पेंडीचं पोतं आणता येत न्हाई, मला बाजाराला नेता येत न्हाई, मग ती गाडी कसली?

पण सिदू तिच्यावर शर्यती खेळायचा. तिकडं कोइमतूरला शर्यतीची येगळी सडक हाय म्हणं. आरसे, दिवे काढून ठेवायचे आन पळवायची. तिथल्या एका टीमनं त्याला घेतलं व्हतं, पण गाडी ज्याची त्यानं आणायची, आसा त्यांचा कायदा. मागल्या साली तिसरा आला तवा पेपरात फोटो आलता. गाडी आडवी झालेली आन ह्याचा गुडघा सडकंला टेकलेला. दुसऱ्याचा गुडघा पडल्यावर टेकतो, माझं लेकरू पडायच्या आधीच टेकवून बसलेलं. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले न्हाई.

औंदा पाऊसच झाला न्हाई. दूध सोसायटीनं तलवाड्याच्या रस्त्याला चारा छावणी उघडली, पण सोसायटीला दूध घालणाऱ्या जनावरांचीच तिथं सोय. आमची म्हैस गेली छावणीला. बैल काय दूध देत न्हाईत, ते ऱ्हायले दारात, रिकाम्या गव्हाणीला जीभ लावत. सिदूचे बाप म्हणले, बैल बाजारात काढू. दुष्काळात बाजारातून बैल कुठं जातेत ते आमच्या चकलांब्यात सगळ्यांला माहीत हाय. आमच्या गोठ्यातच जलमलेली जोडी ती.

"बैल ऱ्हाऊ द्या," सिदू म्हणला. "गाडी काढतो. त्या पैशात पावसापत्तुर पुरंल एवढा कडबा ईल."

"आन तुझी शर्यत?" बापानं इचारलं.

"बघू."

गाडी न्हाई तर टीम न्हाई, एवढं मलाबी कळत व्हतं. सिदूनं मोबाईलवर फोटो टाकला, तर दोन-तीन दिवसांत नगरचा गिऱ्हाईक टेंपो घेऊन दारात. त्योबी शर्यतीतलाच. त्यानं गाडी चालू करून आशी गुरगुरवली का बैलांनी खुट्याला हिसके दिले. मग चाकं बघितली, साखळी बघितली, खाली वाकून पोट बघितलं. सौदा झाला. सिदूनं आपल्या हातानं गाडी पुसून दिली. पुसलेलीच जागा पुन्हा पुन्हा पुसत व्हता, ते मला बघवंना.

"थांबा," मी म्हणलं. "रिकामी न्हाई जाऊ देणार."

तांब्या आणला. पुढल्या चाकावर पाणी घातलं, दिव्याच्या वर हळदीकुंकू लावलं, भाकरीचा तुकडा बसायच्या जागंवर ठिवला. गिऱ्हाईक गालात हसत व्हता, हसू दे. मग मी सिदूच्या हातातल्या दोन चाव्यांतली एक काढून घेतली.

"मावशी, दोन्ही चाव्या लागतात."

"दोन कशाला? तुमाला गाडी इकली, दावं न्हाई इकलं. आमच्याकडं जनावर इकलं तरी दावं घरात ठिवतेत. घेणारानं आपलं दावं आणायचं आसतं."

"अहो, ही गाडी आहे."

"मग म्या काय म्हैस म्हणलं का तिला?"

सिदू खाली बघून म्हणला, "आई, दे त्याला. लोक हसतेन."

"हसणाराला कडबा मागायला गेलते का मी?"

गिऱ्हाईक भला निघाला. म्हणला, ऱ्हाऊ द्या, कुलूप बदलून घीन. टेंपो गेला. सिदू रस्त्याकडं न बघता गोठ्यात गेला आन रिकामी गव्हाण झाडत बसला. मी चावी गोठ्यातल्या खुंटीला आडकवली. दावं घरात ऱ्हायलं तर त्या दाव्याला पुन्हा जनावर येतं, आसं आमच्याकडं मानतेत. पण त्याला काय सांगावं, लेकराचं तोंड बघून माझंच मन भरून आलं व्हतं.

कडबा आला. बैलांच्या बरगड्या हळूहळू झाकल्या. सिदू सोसायटीच्या छावणीवर चारा वाटायच्या कामाला लागला. गाडीचं नाव काढायचा न्हाई, पण शर्यतीच्या बातम्या मोबाईलवर बघायचा. एका आयतवारी बैलांफुडं चारा टाकून तिथंच बसला व्हता. मोबाईलात निळी गाडी दिसली.

"आपलीच का?"

"हं. नगरवाल्यानं शर्यतीला लावलीय."

"कितवी आली?" जलमात पहिल्यांदा मी आसं इचारलं.

"अकरावी."

"येणारच. दावं हितं हाय, ती तिथं मन लावून कशी पळंल?"

सिदू हसला. लई दिसांनी हसला. मग उठून खुंटीवरची चावी काढली, सदऱ्याला पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली.

"आई, माझ्याबरूबर ती तिसरी आलती," म्हणला.

"माहीत हाय मला," मी म्हणलं. "ठिव ती खुंटीला. दाव्याला जनावर येतंच. आलं म्हंजी गुडघा तेवढा जपून टेकव."