रुमालाखालची दोन बोटे

मी एक जुना रुमाल आहे, मित्रांनो. नाक पुसायचा चिमुकला रुमाल नव्हे हं! खांद्यावर टाकायचा, डोक्याला गुंडाळायचा, ऐसपैस, लाल काठाचा. सध्या माझा मुक्काम आयर्लंड देशातल्या कॉर्क शहरात आहे. हसू नका. बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याचा रुमाल तिथे कसा पोचला, तेच तर सांगायचे आहे.

माझा जन्म हातमागावरचा. दुकानातून मला शहादेव आबांनी उचलले. आबा बैलबाजारातले दलाल. तुम्ही बैलबाजार पाहिला आहे का? तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल गिऱ्हाइकाच्या हातावर रुमाल टाकतो आणि आत बोटे धरून भाव सांगतो. त्यामुळे चारचौघांत कोणाचीच शोभा होत नाही. किती हात माझ्याखाली आले! काही घामेजलेले, काही थरथरणारे. कोणाची नड किती, हे सगळ्यांच्या आधी मला कळायचे. मी मात्र कधी कोणाचे गुपित फोडले नाही. "आबाचा रुमाल पडला की सौदा जमला," असे लोक म्हणत आणि खरे सांगतो, मला त्याचा फार गर्व होता.

पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले, बाजारात बैल कमी झाले, आबांचे गुडघे दुखू लागले. मी खुंटीवरून उतरलो तो थेट मोटारसायकल पुसायला. चेनचे काळे ग्रीस अंगाला लागले तेव्हा मला फार वाईट वाटले. मग आबांची नात करिष्मा नर्सच्या नोकरीसाठी परदेशी निघाली. येसराचा, म्हणजे आमटीच्या मसाल्याचा, डबा सांडू नये म्हणून तिने मला शोधले, खसाखसा धुतले आणि डब्याला गच्च बांधले. असा मी विमानात बसलो.

तिची लहानगी लेक शिवकन्या मात्र आबांजवळ राहिली. करिष्मा तिला एकटीच वाढवत होती. कॉर्कमध्ये ती इतर नर्सांबरोबर एका खोलीत राहायची. लेकीला आणायचे तर स्वतःचे घर हवे आणि घर काही केल्या मिळेना. शेवटी नोराबाई नावाच्या, एकट्या राहणाऱ्या बाईंच्या घराचा वरचा मजला रिकामा असल्याचे कळले. दोन खोल्या होत्या, पण एकीला कुलूप. तिथे नोराबाईंच्या वारलेल्या भावाचे सामान होते.

आबांनी फोनवर शिकवले, "आधी घासाघीस कर. मंग पाठ फिरव. ती हाक मारतीच बघ."

बैलबाजारात हे अगदी खरे आहे. गिऱ्हाईक जरा पुढे गेले की मागून "ओ पाव्हणं, या की माघारी!" अशी हाक येतेच. करिष्माने भाड्यावरून घासाघीस केली, नकारार्थी मान हलवली आणि पाठ फिरवली. तिथल्या थंडीत मी तिच्या गळ्यात गुंडाळलेला होतो. ती हळू चालली. मग आणखी हळू. कोपऱ्यावर तर तिने बुटाची नाडी उगाचच सोडली आणि पुन्हा बांधली. मागे दार लागल्याचा आवाज आला. हाक नाहीच!

"आबा, तिनं हाक न्हाई मारली," तिथूनच लावलेल्या फोनवर करिष्माला रडूच फुटले.

"कावून?"

"इथं पाठ फिरवली की लोक जाऊ देत्यात."

आबा म्हणाले, "मंग माझंच चुकलं, पोरी. पर मला सांग, तुला भाडं कमी पायजे व्हतं का शिवूला खोली?"

"खोली."

"ते बोललीस का तिला?"

ती बोललीच नव्हती. लगेच माघारी वळून तिने दार वाजवले. नोराबाई समोर आल्या. तेव्हा तिने मला गळ्यातून काढले, नोराबाईंच्या हातावर टाकले आणि आपली दोन बोटे त्यांच्या मुठीत दिली.

"आमच्याकडे मनातले असे सांगतात," ती म्हणाली. "आम्ही दोघी आहोत. मी आणि माझी लहान मुलगी. भाडे तुम्ही म्हणाल ते. मला ती बंद खोली हवी आहे."

नोराबाईंचा हात माझ्याखाली थरथरला. असले हात मी ओळखतो, मित्रांनो. नड त्यांनाही होती.

"ते कुलूप मला एकटीला उघडवत नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही बोटे घट्ट धरली.

सौदा जमला! तोही बैलाशिवाय! दोघींनी मिळून खोली उघडली आणि आवरली. धूळ पुसायला त्यांनी मलाच घेतले. या वेळी मला मुळीच वाईट वाटले नाही.

परवा सुट्टीहून परतणाऱ्या एका नर्सबरोबर शिवकन्या आली. इतक्या दिवसांनी आई दिसली तर लाजून दाराआडच उभी राहिली, काही केल्या जवळ येईना. करिष्माने मला आपल्या हातावर टाकून पुढे धरले. आबांनी तिला बाजाराचा खेळ शिकवलाच असणार, कारण माझ्याखाली एक इवलासा हात शिरला, चाचपडला आणि त्याने आईची दोन बोटे पकडली.

मित्रांनो, जुने कापड फडके म्हणून टाकण्याआधी एकदा धुऊन बघा. आणि मनातून काही हवे असेल तर हाकेची वाट बघत बसू नका, सांगून टाका. बरे, आता मी थांबतो. माझ्याखाली मायलेकींचे हात पुन्हा आले आहेत, आणि तिथले मी कोणालाच सांगत नाही.