सोळा महिने खिळ्यावर

मित्रांनो, मी एक जुना सुका मासा आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मध्येच उठू नका. मला वास येतो हे मला ठाऊक आहे. तुम्हीही दारामागच्या खिळ्याला सोळा महिने लटकून बघा, तुम्हालाही येईल.

माझा जन्म उत्तरेच्या थंडगार समुद्रातला. जाळ्यात सापडलो, बोटीवर पोट फाडलं गेलं आणि डोंगरातल्या एका गावात, बर्फात उभारलेल्या लाकडी मांडवावर दोघादोघांना दोरीत ओवून आम्हाला टांगलं. रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, पुन्हा रात्री गोठायचं. असे चार महिने गेले. ज्यांच्या माना तुटल्या ते रश्शाच्या ढिगात गेले. माझी मान शाबूत राहिली, अंग सोनेरी झालं आणि डोळे टक्क उघडे राहिले. सोक्चो बंदराच्या बाजारातली मासळीवाली म्हणाली, "हा गाडीसाठी न्या, याचे डोळे राखणदाराचे आहेत." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

आमच्याकडे नवी गाडी घेतली की तिच्यात पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा ठेवतात. तो म्हणे डोळे न मिटता अपघात आणि वाईट शक्ती अडवतो. मला हसू येतं. ज्याला स्वतःच्या तोंडापुढचं जाळं दिसलं नाही, तो तुमची गाडी काय राखणार? पण आम्हाला विचारतो कोण.

मला विकत घेतलं बुन-नाम आजींनी. त्यांचा मुलगा मान-सू फ्रिज दुरुस्त करायचा आणि त्याने कर्ज काढून नवी गाडी ठरवली होती. गाडी विकणाऱ्या गी-चोलने सांगितलं होतं, सहा महिन्यांत दारात. वर हेही सांगितलं, की जुन्या गाड्यांना सध्या चांगला भाव आहे, तुमची आत्ताच देऊन टाका. मान-सूने सतरा वर्षांची जुनी गाडी त्याच आठवड्यात देऊन टाकली. माणूस हुशारी करायला गेला की तोंडावर कसा पडतो, हे मी पुढे सोळा महिने बघत होतो.

गाडी हवी होती ती आजोबांसाठी, म्हणजे आजींच्या नवऱ्यासाठी. ताक ग्वी-दोंग त्यांचं नाव, वय एक्याऐंशी. उत्तर-दक्षिण युद्धाच्या हिवाळ्यात, नऊ वर्षांचे असताना ते काकाचा हात धरून उत्तरेतून बोटीने पळून आले. आईबाप मागच्या बोटीने येणार होते. ती बोट आलीच नाही. तेव्हापासून सीमेच्या पलीकडचं काही म्हणजे काहीच कळलं नाही. दर वर्षी शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला आजोबा सीमेजवळच्या टेकडीवर जायचे, उत्तरेकडे तोंड करून तांदळाची दारू ओतायचे आणि जमिनीला डोकं टेकायचे. त्या टेकडीवर पायी जायला बंदी आहे. चौकीवर नावं लिहून द्यायची आणि गाडीतूनच वर जायचं, असा लष्कराचा नियम. गाडी नाही तर आईबाप नाहीत, इतका साधा हिशोब होता.

पहिला सण गाडीविना गेला. सून हे-रान म्हणाली, "बाबा, टॅक्सी करू या."

"मीटर चालू ठेवून आईबापांना नमस्कार घालू?" आजोबा म्हणाले. "पुढच्या वर्षी नव्या गाडीतून जाऊ. त्यांनाही दिसू दे, पोराने काय घेतलंय ते."

सहा महिने झाले, गाडी आली नाही. नऊ झाले, बारा झाले. दर महिन्याला गी-चोल फोनवर तोंडभरून माफी मागायचा. कधी म्हणे सुटा भाग आला नाही, कधी म्हणे जहाज अडकलं. तेवढ्यात कर्जाचं व्याज दुपटीच्या वर गेलं. मान-सूने विचारलं तर उत्तर आलं, की दर गाडी हातात पडते त्या दिवशीचा लागतो, करार केला त्या दिवशीचा नाही. तसं कागदावर बारीक अक्षरात होतं. हे-रान म्हणाली, "आपण गाडी नाही घेतली, नुसतं व्याज घेतलंय." मान-सू त्या रात्री जेवला नाही.

मी दारामागे लटकून होतो. माझा दोरा काळा पडला. आजोबा रोज संध्याकाळी चपला काढताना माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "काय रे गाववाल्या, आली का?" आम्ही दोघे एकाच समुद्राचे, म्हणून गाववाला. त्यांच्या पायांना सूज यायला लागली होती. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

चौदाव्या महिन्यात फोन वाजला. सणाला तीन दिवस होते. गाडी आली होती आणि गी-चोल ती दुसऱ्याच दिवशी दारात आणणार होता. हे-रानने फोन ठेवला आणि ती चक्क रडली. आजी मात्र भिंतीवरच्या चांद्र दिनदर्शिकेपुढे चष्मा लावून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, आमच्याकडे चांद्र महिन्यातल्या नऊ-दहा, एकोणीस-वीस अशा तिथींनाच वाईट शक्ती जमिनीवर नसतात. घर बदलायचं, गाडी आणायची ती त्याच दिवशी. आणि उद्या होती तेरावी तिथी.

"एकोणिसावीला आणायला सांग," आजी म्हणाल्या.

"आई, तोवर सण होऊन जाईल," मान-सू म्हणाला.

"मग जाऊ दे. पहिल्याच फेरीला म्हाताऱ्याला त्या वळणांवरून नेणार, तेही वाईट दिवशी आणलेल्या गाडीतून? माझा नवरा काही मला फुकट मिळालेला नाही."

सगळे आजोबांकडे बघायला लागले. आजोबा हसले. "आईबाप बहात्तर वर्षं थांबलेत. आठवडाभर थांबतील की."

मी टक्क डोळ्यांनी बघत होतो. मला तोंड आहे, तेही उघडं, पण आवाज नाही.

गी-चोलने सरळ सांगितलं, की थांबलात तर गाडी यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. आजी म्हणाल्या, "विकणारे असंच घाबरवतात." गाडी खरोखर पुढच्या नावाला गेली. ते नाव होतं मागच्या गल्लीतला न्हावी प्योन. त्याला गी-चोलची ओळख मान-सूनेच करून दिली होती. प्योनला तिथीबिथीशी देणंघेणं नव्हतं. सणाच्या सकाळी तो आमच्या दारात हॉर्न वाजवून म्हणाला, "आजोबा, चला, आईला टेकडीवर नेतोय, तुम्हीही बसा."

आजोबांनी खिडकीतून ती गाडी पाहिली. आत नव्या बैठकीवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. "माझ्याच गाडीत मी पाहुणा म्हणून बसू?" ते पुटपुटले आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी प्योनने तिळाचं सारण भरलेले तांदळाचे मोदक आणून दिले. आजोबांनी एकही खाल्ला नाही. आजींनी सगळे खाल्ले, कारण टाकवत नव्हते, आणि खाताना त्या कोणाकडे बघत नव्हत्या.

नोव्हेंबरात आजोबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे अंत्यविधी इस्पितळाच्या दालनात तीन दिवस चालतो, दहन शेवटच्या दिवशी. त्यातल्या दुसऱ्या दिवशी गी-चोलचा फोन आला. हे मला पुढे गाडीतल्या बोलण्यातून कळलं. दुसरी गाडी आली होती, तीन दिवसांत घ्या म्हणाला. हे-रान तिथी बघायला मोबाईल काढत होती, तर आजी म्हणाल्या, "ठेव तो. आत्ता इथेच आणायला सांग."

गी-चोल लाल फीत बांधलेली गाडी घेऊन हसत हसत आला आणि समोर मान-सूच्या दंडावर शोकाची पट्टी दिसली. बिचाऱ्याने फीत सोडली, ती खिशात कोंबली आणि आत जाऊन आजोबांच्या फोटोपुढे डोकं टेकलं. मग सह्या घेतल्या. व्याज त्या दिवशीचं लागलं.

दहन झाल्यावर तिघे घरी आले. आजींनी मला खिळ्यावरून काढलं, पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं आणि पुढच्या काचेखाली ठेवलं. पूजा नाही, नव्या गाडीच्या चाकांवर ओततात ती दारूही नाही. अस्थींचा डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि गाडी उत्तरेकडे निघाली.

चौकीवर कोवळ्या मिशीचा सैनिक आला. त्याने अर्ज वाचला, आत डोकावून मोजलं.

"आजी, इथे चार लिहिलेत. तिघेच दिसताय."

"चारच आहेत," आजी म्हणाल्या आणि डब्यावर हात ठेवला. "ह्यांना गाडीतूनच यायचं होतं."

सैनिकाने खोडाखोड केली नाही. त्याने फाटक उघडलं.

वर त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होती, की पलीकडचे डोंगर, वाळू, समुद्र सगळं दिसत होतं. अशी हवा वर्षातून चार-पाचदाच मिळते. आजींनी डबा उत्तरेकडे करून ठेवला, त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं." त्यांना कोणी उठवलं नाही.

आता मी डिकीत असतो, छत्री आणि बुटांच्या खाली. हप्ते अजून चालू आहेत. म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती ऐका. ज्याच्यासाठी गाडी घेताय, त्याला आधी जायचं तिथे नेऊन आणा. टॅक्सीने न्या, न्हाव्याच्या गाडीतून न्या, नाहीतर मालाच्या ट्रकमधून न्या, पण न्या. वाट बघत बसायचं काम आम्हा मेलेल्यांवर सोडा. आम्हाला ते जमतं.