व्हरांड्यातल्या आरामखुर्चीचा डूख

मी आरामखुर्ची बोलतेय. नावात आराम असला तरी स्वभावात नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्यावर ओल्या चड्डीने बसलात तर मी सोसेन, चहा सांडलात तरी सोसेन. पण माझ्या माणसाला कुणी रडवलं, तर मी डूख धरते आणि उट्टं काढल्याशिवाय राहत नाही.

समुद्राकाठच्या एका स्वस्त लॉजच्या व्हरांड्यात माझं आयुष्य गेलं. मालकांनी हौसेने सुताराकडून मला करून घेतली. माझी रचना सोपी आहे. मागची आडवी दांडी खाचेत नीट बसली की मी राणीसारखी उभी राहते, आणि निसटली की माझी घडी होते.

आमच्याकडे साहेबलोक येत नाहीत. आसपासच्या गावांतले शिंपी, नर्सा, गॅरेजवाले पोराबाळांसकट येतात. नळाखाली वाळूचे पाय धुतात, कठड्यावर कपडे वाळत घालतात आणि ‘गॅस बंद केलाय ना गं?’ म्हणून पहिला अर्धा दिवस भांडतात. मग एकेक जण ‘जरा टेकतो’ म्हणत माझ्याकडे येतो आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागतो. मला ते आवडायचं. दमलेलं माणूस किती जड असतं आणि झोपल्यावर किती हलकं होतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मालकांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात. चादरी धुणं, स्वयंपाक, पाहुण्यांच्या पोरांच्या गुडघ्यांना औषध लावणं, सगळं त्यांच्याच अंगावर. मालक गेले तेव्हा त्या चार दिवस माझ्या पायाशी बसून राहिल्या, आणि पाचव्या दिवशी उठून कामाला लागल्या.

मग आले धाकटे दीर. आयत्या बिळावर नागोबा! “वहिनी, आता मी आलोय. तुम्ही निर्धास्त राहा,” म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत माडीवरची वहिनींची खोली बळकावली. तेवढ्या एकाच खोलीतून समुद्र दिसतो.

“भाऊजी, तिथे माझं सामान आहे,” वहिनी म्हणाल्या.

“तुम्हाला कशाला हवा समुद्र? जन्मभर तोच तर बघितलात!”

वहिनींची रवानगी झाली स्वयंपाकघरामागच्या खोलीत. तिथे खिडकी नाही. कांद्याची पोती आणि सिलिंडर यांच्यामध्ये कशीबशी एक खाट मावते.

एकदा शिंप्याच्या बायकोने जादा चादर मागितली. वहिनी “देते हं” म्हणाल्या मात्र, दीर सगळ्यांदेखत त्यांच्या अंगावर खेकसले. “पाहुण्यांसमोर मध्ये मध्ये बोलायचं नाही, वहिनी! काय द्यायचं ते मी बघीन.” वहिनींचं तोंड एवढंसं झालं. शिंप्याची बायको बिचारी चादर न घेताच खोलीत गेली.

माझ्यावरही दिरांची कृपादृष्टी झाली. “हे मढं हलवा इथून,” म्हणत त्यांनी मला लाथ घातली. माझ्या खाचेचा कोपरा उडाला. मला अडगळीत टाकलं, फुटक्या बादल्यांच्या शेजारी, आणि व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्यांच्याशी माझं वैर नाही. त्या बिचाऱ्या कुणाच्याच नसतात.

वहिनी बादली शोधायला आल्या तेव्हा त्यांनी माझ्या खाचेवरून बोट फिरवलं. “बाई गं, दात पाडला की तुझा!” असं म्हणून त्या बादली पालथी घालून बसल्या आणि घळाघळा रडल्या. दिरांनी परस्पर त्यांच्या भावाला निरोप धाडला होता, येऊन बहिणीला कायमचं घेऊन जा म्हणून. “या घराची एकेक भिंत मी रंगवलीय, आणि मलाच जा म्हणतात,” त्या म्हणाल्या. त्याच क्षणी मी ठरवलं, हा माणूस मला एकदा तरी पाठीवर हवा.

दैवाने त्याला आणूनही दिला. दिरांना मोबाईलवर लॉजची जाहिरात टाकायची होती. कुणीतरी सांगितलं, जुनी लाकडी खुर्ची फोटोत उठून दिसते. झालं! मला बाहेर काढलं, पुसलं आणि पायऱ्यांच्या अगदी कडेला मांडलं. फोटो काढायला मुक्कामाला आलेला गॅरेजवाला उभा राहिला. सगळे पाहुणे भोवती जमले.

वहिनी हातातलं फडकं तसंच धरून पुढे आल्या. “भाऊजी, त्या खुर्चीची...”

दिरांनी बोट वर केलं. “काय सांगितलंय मी? पाहुण्यांसमोर?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग दिरांकडे पाहिलं. “बरं भाऊजी,” म्हणाल्या आणि मागे सरकल्या.

दीर बसले. पायावर पाय टाकला, मिशीवर हात फिरवला आणि ऐटीत मागे रेलले. खरं सांगते, आणखी थोडा वेळ मला धरून ठेवता आलं असतं. मी धरलं नाही. दांडी सोडली आणि मालकांच्या मायेची, वहिनींच्या आसवांची आण घेऊन मिटले. दीर उलटे होऊन पायऱ्यांवरून थेट वाळूत गेले. गॅरेजवाल्याच्या फोटोत फक्त दोन तळवे आलेत.

पाय दोन ठिकाणी मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत चढलं. जिना चढणं शक्य नव्हतं आणि खालच्या खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या. मग काय, कांद्याची पोती जरा सरकवली आणि दिरांना त्या खाटेवर निजवलं. वहिनी आपलं गाठोडं घेऊन माडीवर गेल्या.

ठरल्या दिवशी भाऊ आला. “चल ताई, आवर. गाडी उभी आहे.”

“मी कशी येऊ रे?” वहिनींनी डोळ्याला पदर लावला. “भाऊजींचं कोण बघणार? विचार त्यांनाच.”

आतून दीर ओरडले, “नको नको, वहिनींना नेऊ नका!”

भाऊ चहा पिऊन परत गेला.

शिंप्याने मला नवं कापड शिवून दिलं आणि गॅरेजवाल्याने खाचेवर लोखंडी पट्टी ठोकली. तुम्हीही या, स्वस्तात राहा, पोटभर झोपा. फक्त बसण्याआधी एकदा मनाशी आठवा, कुणाला रडवून तर आला नाहीत ना?

आता दुपारी वहिनी माझ्यावर बसतात आणि समुद्र बघतात. आतून हाका येतच असतात, “वहिनी, पाणी! ओ वहिनी!”

“आले हं भाऊजी,” वहिनी म्हणतात आणि आणखी थोड्या मागे रेलतात.

काल एका नव्या पाहुणीने विचारलं, “आत कोण हो हाका मारतंय?”

“आमचे दीर आहेत,” वहिनी म्हणाल्या. “हवापालटाला आलेत.”