भोंगा सरांचा तास

"सर, मागे काहीच ऐकू येत नाहीये!"

शेवटच्या टेबलावरून आरोळी आली आणि दोघं-तिघं खुदकन हसले. भोंगा सरांचं बोलणं ऐकू येत नाही, अशी तक्रार या वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकली असेल. सर बालरोग विभागातले प्राध्यापक. त्यांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातली मुलं आपला धडा सोडून यांचाच ऐकत बसायची. 'भोंगा' हे नाव कुठल्याशा जुन्या तुकडीने ठेवलं, पुढच्या प्रत्येक तुकडीने ते इमानेइतबारे चालवलं, आणि सरांना ते मनातून फार आवडायचं.

मग गळ्यात गाठ निघाली. वाईट होती, पण वेळेवर सापडली. शस्त्रक्रियेत आवाजाची नस दुखावली ती दुखावलीच. जीव वाचला, भोंगा गेला. उरली नुसती कुजबुज, आणि तिलाही दोन वाक्यांनंतर धाप लागायची.

डीन म्हणजे सरांचे जुने वर्गमित्र. त्यांनी घरी येऊन, चहा पिऊन, मायेनंच सांगितलं होतं, "अरे, तू परीक्षा विभागात ये. स्वतंत्र खोली, मोठी खिडकी, कुणाशी बोलायची कटकट नाही."

ती कटकट हेच सरांचं आयुष्य होतं, हे या भल्या माणसाला कोण सांगणार? सरांनी फक्त एक तास मागून घेतला. लहान मुलांच्या मधुमेहाचा. हा त्यांचा लाडका विषय. त्यातले विनोदसुद्धा त्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून लख्ख केलेले होते.

"बरं, घे," डीन म्हणाले. "मी मागे बसून बघेन. पण त्यानंतर मी सांगेन ते ऐकायचं."

आता तास तर मिळाला, पण शिकवायचं कशानं? आदल्या संध्याकाळी सर घरात येरझाऱ्या घालत होते. बायको भाजी निवडत होती.

"अहो, आयुष्यभर तुम्ही बोललात आणि आम्ही ऐकलं," ती म्हणाली. "आता त्या पोरांना बोलू द्या की जरा. तोंडं आहेत ना त्यांना?"

सर रुसले. चांगले जेवणापर्यंत रुसले. मग घास हातात तसाच राहिला आणि त्यांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिने मुकाट्यानं कात्री आणून दिली. रात्री सरांनी आपली टिपणं कापून त्यांचे चार भाग केले.

फोनवर सरांचा आवाज पोचतच नसे, म्हणून नवरा-बायकोने टिचक्यांची भाषा काढली होती. फोनवर नखाने एक टिचकी मारली की हो, दोन मारल्या की नाही. सकाळी दारात चपला घालताना ती म्हणाली, "तास झाला की लगेच फोन करा. माझा जीव टांगणीला लागलेला असेल."

तर आता वर्गात शिकाऊ डॉक्टर चार टेबलांभोवती बसले होते. मूल सारखं पाणी पितंय, अंथरूण ओलं करतंय, वाळत चाललंय, तर काय ओळखायचं, हे एका टेबलाकडे. अत्यवस्थ होऊन आलेल्या मुलाला कसं सांभाळायचं, हे दुसऱ्याकडे. तिसऱ्याकडे इन्सुलिन, आणि चौथ्याकडे घर, शाळा, आजारपण. आपापला भाग वाचून झाला की गट मोडायचे आणि नवे करायचे. प्रत्येक नव्या टेबलावर चारही भागांचं माणूस हवं, आणि प्रत्येकाने आपला भाग बाकीच्यांना शिकवायचा. शेवटी हे सगळं एका आईला समजावून सांगायचं. तिची आठ वर्षांची मुलगी तेव्हा वॉर्डात होती, याच मधुमेहाच्या जिवावरच्या दुखण्यातून नुकतीच उठलेली. मायलेकी आनंदाने यायला तयार झाल्या होत्या.

कागदावर हे फार छान दिसत होतं. प्रत्यक्षात गट मोडले आणि बाजार भरला. खुर्च्या ओढल्या, कुणाचं टेबल चुकलं, दोघी भलत्याच गप्पांना लागल्या. सरांनी हात वर केला, ओठ हलवले, पण तो आवाज त्यांच्या त्यांनाच ऐकू आला नाही. दारापाशी बसलेल्या डीनांनी घड्याळाकडे पाहिलं.

ओरडता येत नाही म्हटल्यावर ते एकेका टेबलापाशी जाऊन वाकले आणि कान देऊन उभे राहिले. दुसरं करणार काय?

नव्याने जमलेल्या एका टेबलावर लंबू बोलत होता. हा वर्गातला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हुशार मुलगा. घर, शाळा आणि आजारपण हा भाग त्याच्याकडे आला होता.

"ताप आला, उलट्या होतायत, पोर जेवत नाही," तो ठासून सांगत होता. "म्हणजे साखर पोटात जातच नाही. मग इन्सुलिन बंद ठेवायचं. साधा हिशेब आहे."

नेमक्या याच साध्या हिशेबाने मुलं बेशुद्ध होऊन येतात. ही गोष्ट सर दर वर्षी गर्जून सांगत. वर्ग हसे, लिहून घेई, माना डोलावी. डोलणाऱ्या मानांच्या आत काय चाललंय, हे त्या आवाजात कधी ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने तोंड उघडलं, पण ठसकाच लागला.

"ए थांब, थांब!" लंबूच्या समोर बसलेली चष्मेवाली ओरडली. ती आधीच्या फेरीत इन्सुलिनच्या टेबलावर होती. "बंद कसलं करतोस? आजारपणात जेवण नसलं तरी शरीर साखर बनवतं, अंगात आम्ल साठतं. डोस कमी-जास्त करू, साखर सारखी तपासू, पाणी देत राहू. पण पूर्ण बंद कधीच नाही!"

"मी हेच वाचलं होतं की..." लंबू कागद शोधू लागला.

"वाचलंस अर्धं. बाकीचं मनानं जोडलंस."

लंबूने कागद पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले. मग तो म्हणाला, "थँक्स गं. मी वॉर्डात जाऊन खरंच बंद करून बसलो असतो."

सर ठसका आवरून तिथेच उभे राहिले. आपण बोललो नाही हे किती बरं झालं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

शेवटी मायलेकी आत आल्या. आईला समजावून सांगायची पाळी नेमकी लंबूच्याच टेबलावर आली. चौघांनी आपापला भाग सोपा करून सांगितला. आजारपणाचं सांगताना लंबूने "पूर्ण बंद कधीच नाही" हे तिच्याकडून परत म्हणवून घेतलं. आई मान डोलावत होती, तरी तिच्या कपाळावरची आठी काही मोडत नव्हती. मुलगी टेबलाच्या कडेला नखाने रेघा ओढत होती. मध्येच तिने हळूच विचारलं, "मी फ्रीजमधलं चॉकलेट चोरून खाल्लं ना, म्हणून झालं का हे?"

हा प्रश्न चारांपैकी एकाही भागात नव्हता. सरांनी कापलेल्या कुठल्याच कागदावर त्याचं उत्तर नव्हतं.

लंबू खुर्चीवरून उठला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. एवढ्या उंच माणसाची घडी व्हायला जरा वेळच लागला.

"नाही गं," तो म्हणाला. "चॉकलेटने नाही झालं. तू काहीच चुकीचं केलं नाहीस. अंगातले शिपाई असतात ना, ते गोंधळले आणि आपल्याच माणसांना शत्रू समजले. त्यात ना तुझी चूक, ना आईची."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला होता. "आजवर कुणी असं म्हटलंच नाही हो," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याच लाडांनी झालं. फार उपकार झाले तुमचे, डॉक्टर."

लंबूला अजून डॉक्टर म्हणवून घ्यायची सवय नव्हती. तो उगाचच सरांकडे बघत राहिला.

तास संपला तरी मुलं उठेनात. मुलीला शाळेत सुई कुणी टोचायची, यावर दोन टेबलं एकमेकांशी भांडत होती. डीन उठून सरांपाशी आले.

"परीक्षा विभागासाठी मी दुसरं कुणी तरी बघतो," ते म्हणाले. मग सरांचा खांदा दाबून म्हणाले, "पुढच्या तासालाही येऊ का रे?"

सरांनी हात जोडले.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला बायकोने उचलला.

"झालं? वर्ग राहिला ना तुमच्याकडे?"

एक टिचकी.

सरांना तिला खूप सांगायचं होतं. कात्रीचं, तिच्या बोलण्याचं, लंबूचं. एवढं सगळं एका टिचकीत कुठून मावणार? त्यांनी वर्गाचं दार ढकललं, हात लांब केला आणि फोन त्या गोंगाटाकडे धरून तसेच उभे राहिले.