तिसरा फासा

भाचीने नवं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि मी उगाच फासे बाजूला सरकवले.

"सुधारलेली आवृत्ती, मावशी. आधी तू वाच. जुन्यावर खेळायचं की नव्यावर, ते पुढच्या रविवारी ठरवू."

आमचा खेळ न खेळलेल्यांना तो पोरकट वाटतो. त्यात एकजण गोष्ट चालवतो, म्हणजे मी. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. भिंत चढता आली की नाही, वार लागला की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आणि फाशाचा अर्थ काय, ते नियमांचं पुस्तक. गेली पस्तीस वर्षं, दर रविवारी दुपारी, माझ्या जेवणाच्या टेबलावर हे चाललंय.

"बदला की," घड्याळवाले म्हणाले. ते पहिल्या दिवसापासूनचे भिडू. "माझे दोन्ही गुडघे बदलले, नियम कशाला जुने?"

"नव्याचं अक्षर मोठं आहे," दातांची डॉक्टरीण म्हणाली. "माझं मत तिथेच पडलं."

"जुन्यात वाईट काय आहे?" मी विचारलं.

"वाईट काही नाही बाई. पण ते तुमच्या डोक्यात आहे, आमच्या हातात नाही," घड्याळवाले म्हणाले.

खरंच होतं ते. टेबलावर मी पुस्तक कधी उघडतच नसे. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली. एकदा वाचलेलं विसरत नाही, असा माझा लौकिक होता, आणि तो बराचसा मीच पसरवलेला.

सोमवारी सकाळी चष्मा लावून बसले. नव्या पुस्तकाच्या शेवटी काय काय बदललं त्याची यादी होती. सातव्या ओळीवर अडखळले. पात्र जखमी होऊन कोसळलं, की दर फेरीला एक फासा टाकायचा. दहा किंवा वर पडले, की वाचलं. खाली पडले, की हुकलं. इथवर ठीक. पुढे लिहिलं होतं: पूर्वी तिसऱ्यांदा हुकल्यावर मरण येत असे, आता चौथ्यांदा.

तिसऱ्यांदा? आमच्याकडे तर दुसऱ्यांदा.

छापणाऱ्यांचीच चूक, असं मी मनाशी म्हटलं. तरी उठून कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. ते पान शोधावं लागलं नाही. त्याचा कोपरा दुमडलेला होता. माझ्या पुस्तकांची पानं मी कधी दुमडत नाही, कुणाला दुमडू देत नाही. कोपऱ्याची घडी इतकी जुनी, की कागद तिथे तपकिरी पडला होता. आणि मजकूर स्वच्छ होता: तिसऱ्यांदा.

मी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली.

धाकटी माझी सख्खी बहीण, या भाचीची आई. पहिली चार वर्षं तीही खेळायची. चारचौघांत तोंड न उघडणारी पोरगी, पण खेळात ती नावाडीण होती, आणि नावाडीण बोलायला लागली की घड्याळवाल्यांनाही गप्प बसावं लागायचं. एका रविवारी पुराच्या पाण्यात नावाडीण कोसळली. पहिला फासा हुकला. दुसराही हुकला.

"गेली," मी म्हटलं.

"ताई, पुस्तकात बघ ना एकदा."

"मला पाठ आहे गं. बघायचं काय त्यात?" आणि मी चहा ठेवायला आत गेले.

परत आले तर धाकटीची खुर्ची रिकामी. फाशासाठी एवढं काय रुसायचं, असं म्हणत आम्ही खेळ पुढे नेला. ती पुन्हा टेबलावर बसली नाही. बाकी सगळं नीट राहिलं, फोन, बाळंतपण, आजारपण. या खेळाचं तेवढं नाव निघत नसे. त्यानंतर मी समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि पडलेल्यांचे फासे त्याच्यामागे मीच टाकायला लागले. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर कुणी मेलं नाही. का, ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

म्हणजे मी चहा ठेवत होते तेवढ्यात तिने पान शोधलं, दुमडलं, आणि निघून गेली. मी कधीतरी उघडेन म्हणून.

तो आठवडा मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. भाजीत मीठ दोनदा पडलं. बुधवारी धाकटीला फोन लावला आणि पडद्यांच्या कापडावर वीस मिनिटं बोलले. गुरुवारी वाटलं, नवं पुस्तक नकोच म्हणावं. यादी कुणी वाचणार नाही, जुनं कपाटात जाईल, झाकली मूठ तशीच राहील. कारणंही जुळवून ठेवली: डोळे, वय, सवय. शनिवारी ते पान ब्लेडने कापता येईल का, तेही बघून झालं. मुद्रितं तपासणारी बाई!

रविवारी दोन मतं नव्याला पडली. भाचीचं तिसरं.

"मावशी, तू?"

"आधी यादीतली सातवी ओळ वाच. मोठ्याने."

तिने वाचली. घड्याळवाल्यांनी मान वर केली. "दुसऱ्यांदा ना हो, बाई?"

मी जुनं पुस्तक दुमडलेल्या पानावर उघडून मध्ये सरकवलं आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीण एवढंच म्हणाली, "अगं बाई." भाचीने आईला फोन लावून माझ्या हातात दिला.

"धाकटे, पान सापडलं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "कधी?"

"सोमवारी."

"एक पान उलटायला एकतीस वर्षं लागली होय गं तुला?"

"चुकले मी."

"ते ठाऊक आहे मला. नियम कुणीही चुकतो. बघ म्हटलं तर बघितलं नाहीस, म्हणून उठले मी." मग म्हणाली, "माझा तिसरा फासा राहिलाय."

"नव्यात चार मिळतात," मी घाईघाईने म्हटलं.

"मला फुकटचं नको. माझा आहे तेवढा दे."

म्हणून जुनं की नवं, हे ठरवणं आठवडाभर लांबलं. पुढच्या रविवारी ती काठी टेकत आली आणि तिने आपल्या जुन्या खुर्चीकडे बघितलं. भाची न सांगता उठली. पर्समधून धाकटीने नावाडणीचा कागद काढला, चार घड्यांचा, पेन्सिल पुसट झालेली. मी पुठ्ठ्याचा आडोसा काढून जमिनीवर ठेवला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तिने टाकलेला फासा टेबलाच्या कडेला घरंगळला तेव्हा एक बोट लावावं असं फार वाटलं.

सहा.

घड्याळवाले खाकरले. धाकटीने फाशावर वाकून नीट पाहिलं, मग कागदावर नावाडणीच्या नावाखाली एक सरळ रेघ ओढली.

"मेली," ती म्हणाली. "आता नीट मेली."

आणि माझ्या पुढ्यातलं नवं पुस्तक तिने आपल्याकडे ओढलं. "अक्षर खरंच मोठं आहे गं. कोरा कागद दे एक. आणि ताई, चहा दुसरं कुणीतरी ठेवेल. तू इथेच बस."