तलअत बेंच्या पुढ्यातलं खोकं

टीव्हीवर आमच्या पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब, तलअत बे, सांगत होते, "दहशूरच्या लाल पिरॅमिडात आम्हाला एक नवी खोली सापडली आहे." मी डाळीच्या सुपात बुडवलेली भाकरी हातात धरून तशीच बसले होते. खोली सापडलेली नव्हती. हे मी त्यांना दुपारीच सांगितलं होतं.

आमचं काम समजायला सोपं आहे. आकाशातून न दिसणारे कण सतत खाली येत असतात आणि दगडातूनही पार जातात. दगड जाड असेल तिथे कमी पोचतात, पोकळी असेल तिथे जास्त. म्हणून पिरॅमिडाच्या खालच्या खोलीत आम्ही फिल्म भरलेलं एक लांबट काळं खोकं ठेवतो. महिनोन्महिने त्याला कुणी बोट लावायचं नसतं, कारण फिल्म बिचारी जे पडेल ते साठवत जाते. या वेळी तिच्यावर वरची खोली उमटली होती, जी साऱ्या जगाला ठाऊक आहे. आणि बरोबर विरुद्ध दिशेला दुसरी, जरा फिकी. तीच लांबी, तीच रुंदी, तेवढंच अंतर, फक्त दिशा उलट. खोकं मध्येच कुणीतरी फिरवून ठेवलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

"ती जुन्याच खोलीची दुसरी सावली आहे, बे," मी म्हटलं होतं.

"डॉक्टर इनास, देश आनंदात आहे," बे म्हणाले. "मिठाचा खडा टाकू नका."

परदेशातल्या आमच्या सहकाऱ्यांनीही फिल्म पाहिली आणि माझंच म्हणणं जाहीर केलं. जगभर हसं झालं. मग बेंना अचानक खोकं हलल्याचं पटलं. तेवढंच नाही, ते कुणी हलवलं हेही त्यांना कळलं. पहारेकऱ्याने. त्या अम्म महरूसला, आमच्या महरूसकाकाला, कामावरून काढायचं ठरलं, तेही निवृत्ती तोंडावर आली असताना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस खोक्यापाशी वटवाघूळ आलं तरी त्याला दम द्यायचा. मी तडक त्याच्या घरी गेले.

उम्म रिदाने, त्याच्या बायकोने, काळाकुट्ट गोड चहा पुढे ठेवला. अम्म महरूस खाली मान घालून बसला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीला भला मोठा फोटो होता, सोनेरी चौकटीतला.

"रमजानातला आहे," उम्म रिदा म्हणाली. "मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन इफ्तारला आले होते ना, तेव्हाचा. त्यांनी स्वतःच इंटरनेटवर टाकला होता. आमचे हे दिसतात म्हणून मी मोठा करून घेतला. आता तिथून काढून टाकलाय म्हणे."

मी उठून जवळ गेले. पिरॅमिडाच्या आत नमाज चालला होता. पुढे तलअत बे, मागे पाहुणे, टोकाला अम्म महरूस. नमाज पढणाऱ्याच्या पुढून कुणी जाऊ नये म्हणून आम्ही समोर काहीतरी ठेवतो, पिशवी, खुर्ची, जे हाताशी असेल ते. त्याला सुतरा म्हणतात. बेंच्या पुढ्यात सुतरा म्हणून माझं खोकं उभं होतं.

"अम्म, हे तू पाहिलंस आणि गप्प बसलास?"

"माणूस नमाजाला उभा राहतोय, पोरी. त्याला काय सांगू, हे सोडा, दुसरं काही घ्या? नंतर मी खोकं ठेवायला गेलो, तर म्हणाले, राहू दे, मी ठेवतो. स्वतः वाकले. मला तर कौतुक वाटलं."

"आणि आता? आता का बोलत नाहीस?"

"एखाद्याचा नमाज त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा करायचा? मला नाही जमणार."

"नमाज राहिला बाजूला, साक्ष खोक्याची आहे," मी म्हटलं. उम्म रिदा उठली. तिने स्टूल ओढलं आणि फोटो काढून माझ्या हातात दिला.

तलअत बेंच्या केबिनमध्ये बैठक चालू होती. मी न विचारता आत गेले आणि फोटो त्यांच्या टेबलावर, त्यांच्या समोर, पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. सगळे वाकून पाहू लागले.

"नमाजाचा फोटो असा मिरवता? लाज नाही वाटत?" बे म्हणाले.

"मिरवला तुम्ही, बे. खोकंही तुम्हीच फिरवलंत. आणि घरी बसवताय त्याला, जो तुमच्या मागे उभा राहून नमाज पढला. लाज मला वाटतेच आहे, तुमच्या वाटणीचीही."

बेंनी फोटो पालथा घातला, आणि मी तो परत सरळ केला.

अम्म महरूस कामावर परतला. त्याची कुणी माफी मागितली नाही, टीव्हीवर खुलासाही झाला नाही. बेंनी फोटो मागायला माणूस पाठवला, मी दिला नाही. तो ज्या घरचा होता तिथे नेऊन दिला.

पुढच्या शुक्रवारी गेले तेव्हा भिंतीवर छोटी चौकट होती. उम्म रिदाने आपला नवरा तेवढा कापून घेतला होता. उरलेला फोटो जमिनीवर अंथरून ती त्यावर मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत बसली होती.